सोसायटीच्या कमिटीवाल्यांनो, सिक्युरिटीचं बिल पास करायच्या आधी हे वाचा

पुण्यातल्या सगळ्या हाउसिंग सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटी मेंबर,

नमस्कार.

मी वारजे माळवाडीत कामगारांसाठी चालणाऱ्या एका छोट्या मदत केंद्रात काम करते. केंद्र म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरची एक खोली, दोन टेबलं, एक बाकडं, एक लोखंडी कपाट, आणि खाली गिरणी चालू असली की वर सगळ्या कागदांवर पिठाचा पातळ थर बसतो तो रोज झटकायचा. संध्याकाळी सातला उघडतो ते दहा-साडेदहापर्यंत, आणि रविवारी दिवसभर, कारण आमच्याकडे येणाऱ्या माणसाला दिवसा वेळच नसतो, तो तेव्हा तुमच्या गेटवर उभा असतो किंवा तुमचा जिना पुसत असतो.

आम्ही चौघं आहोत. एक ताई आहेत, त्यांनी चौदा वर्षं धुणीभांडी केली, एका घरात चोरीचा आळ घेऊन काढलं तेव्हा रडत रडत इथे आल्या होत्या आणि मग इथल्याच झाल्या. नवीन बाई जिना चढून आली की त्या आधी पाणी देतात, मग विचारतात जेवलीस का, पगाराचं नंतर. एक काका आहेत, बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झाले, सगळा हिशोब त्यांच्याकडे. लॉ कॉलेजची एक मुलगी आहे, अर्ज तिच लिहिते आणि सुंदर लिहिते. आणि मी, मी अकरा वर्षं चाकणच्या एका कंपनीत पेरोलचं काम केलंय, त्यामुळे पगाराची स्लिप हातात आली की कुठे काय गायब आहे ते मला लगेच दिसतं.

आमच्याकडे सगळे येतात, पहाटे अड्ड्यावर उभे राहणारे बिगारी येतात, हॉटेलातली पोरं येतात, पण गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त कोण येत असेल तर सोसायट्यांचे वॉचमन आणि हाउसकीपिंगच्या मावश्या. म्हणजे तुमच्याकडे काम करणारी माणसं. म्हणून हे पत्र सरकारला नाही, ठेकेदाराला पण नाही, तुम्हाला लिहितीये, कारण पैसे तुमच्याकडून निघतात आणि मध्येच कुठेतरी अडकतात, आणि कुठे अडकले हे विचारायची ताकद आख्ख्या साखळीत फक्त तुमच्याकडे आहे. वॉचमनने विचारलं तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर यायचं नाही म्हणून फोन येतो. तुम्ही विचारलंत तर ठेकेदार कागद घेऊन पळत येतो, मी बघितलंय.

एक प्रसंग सांगते. मागच्या पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास एक भाऊ आले, परभणीकडचे, पन्नाशीला आलेले, युनिफॉर्म भिजलेला. बाणेरकडच्या एका सोसायटीत नाइट ड्युटी. ठेकेदाराने दोन महिन्याचा पगार दिला नव्हता आणि आता सोसायटीने ठेकेदार बदलला होता, माणसं तीच, गेट तेच, फक्त शर्टाचा रंग बदलला. जुना ठेकेदार फोन उचलत नाही, नवीन म्हणतो माझा काय संबंध, आणि सेक्रेटरी साहेब म्हणाले आम्ही त्याला पूर्ण बिल दिलंय, आमच्याकडे पावती आहे. तिघंही आपापल्या जागी बरोबर आणि ह्यांच्या खिशात घरी जायला एसटीचे पैसे नाहीत.

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही काढली. मुलाची शाळेची, मागच्या पानांवर रोजची तारीख, आलो किती वाजता, गेलो किती वाजता, डबल ड्युटी केली तिथे लाल पेनाने गोल. काकांनी चष्मा लावून सगळं बेरीज केलं. महिन्याचे तीस दिवस, रोज बारा तास, हातात १३,५०० रुपये. म्हणजे ३६० तासांचे साडेतेरा हजार, तासाला साडेसदतीस रुपये. काका दोनदा बेरीज करून गप्पच बसले. ते भाऊ म्हणाले, साहेब चुकलं का काही, आणि काका म्हणाले नाही, तुमची वही एकदम बरोबर आहे.

आता माझं पेरोलवालीचं डोकं म्हणून तुम्हाला एक हिशोब करून दाखवते, प्लीज शेवटपर्यंत वाचा. एक गेट चोवीस तास, सातही दिवस सांभाळायचं म्हणजे आठवड्याचे १६८ तास. माणसाने आठवड्याला ४८ तास काम करायचं हा कायदा आहे. १६८ ला ४८ ने भागा, साडेतीन येतात. म्हणजे एका गेटला साडेतीन माणसं, दोन गेटला सात. तुमच्या कोटेशनमध्ये दोन गेटला किती लिहिलेत? बहुतेक ठिकाणी चार. दोन दिवसा, दोन रात्री. म्हणजे प्रत्येकजण आठवड्याला ८४ तास उभा आहे, ४८ च्या वरचे ३६ तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, म्हणजे ३६ चे झाले ७२, अधिक ४८, एकूण १२० तासांचे पैसे. एका आठवड्यात अडीच आठवड्यांचा पगार व्हायला पाहिजे त्या माणसाचा. तो होतो का? तुमच्या बिलाच्या रकमेकडे बघितलं तरी कळेल की होऊच शकत नाही. ठेकेदाराने चोरी केली नाही असं समजलं तरी होऊ शकत नाही, कारण कोटेशनच तेवढ्याचं आहे. इथे गोष्ट फक्त ठेकेदाराची राहत नाही.

मी हे कुणाला दोष द्यायला म्हणून लांबून बोलत नाहीये. मी स्वतः दोन वर्षं आमच्या सोसायटीची खजिनदार होते. तीन कोटेशन आली, टेबलावर ठेवली, सगळ्यात कमीच्या पुढे टिक केली, सगळ्यांनी चहा घेतला, दहा मिनिटांत विषय संपला. मला हिशोब येत होता आणि तरी मी केला नाही. कारण समोर माणूस नव्हता, आकडा होता. तेव्हा मला कुणी असं पत्र लिहायला पाहिजे होतं.

कोटेशनबरोबर जे ब्रेकअप येतं ना, ते एकदा काढून बघा. त्यात बेसिक, विशेष भत्ता, घरभाडं, पीएफ १३ टक्के, ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा सव्वातीन टक्के, बोनस ८.३३ टक्के, युनिफॉर्म आणि एक ओळ असते रिलीव्हिंग चार्ज म्हणून. ही रिलीव्हरची ओळ म्हणजे आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी जो बदली माणूस येणार त्याचे पैसे. तुम्ही ते दर महिन्याला भरता. बदली माणूस कधी बघितलाय का? तुमचा वॉचमन रविवारी पण तिथेच असतो ना? मग त्या ओळीचे पैसे कुठे गेले हे विचारायला कामगार नेता असायची गरज नाही, खजिनदार असलं तरी पुरतं.

साप्ताहिक सुट्टीचं मला फार वाईट वाटतं, कारण ती सुट्टी आपल्याच माणसांनी मिळवून दिली. नारायण मेघाजी लोखंडे, मूळचे आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. त्याला सव्वाशेच्या वर वर्षं झाली. आणि आज बाणेर, वाकड, खराडी, कुठल्याही गेटवर जाऊन विचारा, भाऊ शेवटची सुट्टी कधी घेतली होती, तर सांगतील गावाला मयत झाली तेव्हा. आणि त्या दिवसांचा पगार कापलेला असतो.

पीएफचं तर वेगळंच. आमच्याकडे एका मावशीच्या स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसतोय, आम्ही तिचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर टाकून पासबुक उघडलं तर आख्ख्या वर्षात तीन महिन्यांचे पैसे जमा. सोसायटीला विचारलं तर त्यांनी चलान दाखवलं, खरं चलान, पैसे भरल्याची नोंद बिंद सगळं. पण ते चलान ठेकेदाराच्या आख्ख्या कंपनीचं होतं. असं एकच चलान दहा सोसायट्यांना दाखवता येतं. त्यात तुमच्या मावशीचं नाव आहे का ते चलानवर कळत नाही, त्यासाठी त्याच्याबरोबरची नावांची यादी, ईसीआर म्हणतात तिला, ती मागावी लागते. हे एवढं एक कमिटीवाल्यांना माहीत असतं तरी आमच्याकडच्या अर्ध्या केसेस आल्याच नसत्या असं काका नेहमी म्हणतात.

ईएसआयचं पण तेच. जिन्यावर साबणाच्या पाण्यात पाय घसरून एका बाईचं मनगट मोडलं, तिच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे पाऊण टक्का कापत होते, ती बिचारी रिक्षा करून बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलला गेली आणि तिथे कळलं तिच्या नावाने काही भरलेलंच नाही. शेवटी प्रायव्हेटला प्लास्टर, उसने पैसे, आणि दीड महिना घरी, बिनपगारी. तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आली. जिना स्वच्छ होता त्यामुळे वर राहणाऱ्या कुणाला कळलं पण नाही.

आणि एक बारीक गोष्ट, बारीक म्हणजे तुमच्यासाठी. २०२३ पासून महाराष्ट्रात महिन्याला २५ हजारापर्यंत पगार असलेल्या बाईला प्रोफेशनल टॅक्स नाहीये. तरी अकरा-बारा हजार मिळणाऱ्या मावश्यांच्या स्लिपवर पीटी २०० रुपये कापलेले आम्ही आजही बघतो. जो टॅक्स लागूच नाही तो कापून कुठे भरत असतील? दोनशे रुपयात तिच्या पोराची वह्या-पुस्तकं नाहीत पण महिनाभराचा भाजीचा थोडा भार तरी हलका होतो.

मला माहितीये तुम्ही माणसं वाईट नाही आहात. दिवाळीला तुम्ही वर्गणी काढता, पाकीट देता, फराळ देता, कुणाच्या मुलाला जुनी सायकल देता, लॉकडाऊनमध्ये गेटवर डबे आणून देत होता. हे सगळं खरं आहे आणि ते सगळे तुमचं नाव घेऊन सांगतात आम्हाला, कुठल्या फ्लॅटच्या काकू चहा पाठवतात ते पण सांगतात. पण पाकीट म्हणजे बोनस नाही. बोनस त्याच्या हक्काचा आहे आणि तो तुम्ही बिलात भरलेला पण आहे, फक्त त्याच्यापर्यंत पोचत नाही.

कायदा काय म्हणतो ते पण सांगते, कारण कमिटीत एक तरी मेंबर विचारतोच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन वेतन संहिता लागू झालीये. तिच्यात असं आहे की ज्याने पगार द्यायचा त्याने दिला नाही तर ज्या आस्थापनेत तो माणूस काम करतो तिच्या मालकावर, मग ती कंपनी असो, फर्म असो, असोसिएशन असो, ती जबाबदारी येते. माणूस कामावरून काढला किंवा त्याने सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशोब द्यायचा. आणि थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आधी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने होते. तुमची सोसायटी त्यात कशी बसते यावर वकील वाद घालतील, घालू देत, मी तुम्हाला धाक दाखवायला हे लिहीत नाहीये. पण आम्ही ठेकेदाराला पैसे दिले आमचा संबंध संपला, हे वाक्य आता तेवढं सोपं राहिलेलं नाही एवढं लक्षात असू द्या.

आणि कोर्टकचेरीने हे सुटत नाही हे आमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. वाकडेवाडीला कामगार ऑफिसला अर्ज टाकायचा, तारीख मिळते, त्या दिवशी ड्युटी बुडते, ठेकेदार येत नाही, पुढची तारीख, परत ड्युटी बुडते. पगार मागायला जाण्यात पगार जातो. आमची लॉ कॉलेजची मुलगी प्रत्येक तारखेला बरोबर जाते, बाहेर बाकावर बसून त्यांच्याबरोबर डबा खाते, पण तिसऱ्या तारखेनंतर बहुतेक माणसं येत नाहीत, आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत होत नाही.

पुण्याने ह्याच्यावर उत्तर शोधलेलं आहे हो, हे मला सारखं वाटतं. मार्केट यार्डातले हमाल पण असेच होते, आज ह्याच्या गाळ्यावर उद्या त्याच्या, मालक कोण हेच ठरत नव्हतं. पुण्यात बाबा आढाव आणि हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटील, ह्या सगळ्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि त्यातली आयडिया एकदम साधी होती, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेली जादा टक्केवारी, मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला पगार द्यायचा, मध्ये कुणी नाही. त्याच धर्तीवर १९८१ ला खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला आणि पुणे जिल्ह्याचं सुरक्षा रक्षक मंडळ आहे. किती सोसायट्यांनी तिथे एकदा तरी चौकशी केलीये? १९८० ला ह्याच शहरात मोलकरणींनी संप केला. १९९३ ला कचरावेचक बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काढली, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि आज कितीतरी सोसायट्यांच्या दारातून त्याच बायका ओळखपत्र लावून कचरा नेतात. म्हणजे तुम्ही बदलायला तयार होता, तेव्हा झालात.

मेंटेनन्स वाढेल, हे मला माहितीये, एजीएममध्ये पहिला हात त्यालाच वर होतो. पण आकडा करून तर बघा. समजा १२० फ्लॅट आहेत आणि दोन गेटला चारऐवजी सात माणसं ठेवली, तीन जास्त, एकेकाचा सगळा मिळून खर्च वीस हजार धरला, तर साठ हजार, भागिले १२०, फ्लॅटमागे ५०० रुपये. छोट्या सोसायटीला जास्त पडेल, मान्य. मग एक गेट रात्री बंद ठेवा, इंटरकॉम लावा, काय करायचं ते करा, पण माणसाचे तास चोरून बचत करू नका.

मी मागणी एवढीच करतीये. पुढच्या महिन्याचं बिल आलं की सही करायच्या आधी मागच्या महिन्यात प्रत्येकाच्या खात्यात किती पैसे गेले त्याचं नावानिशी बँक स्टेटमेंट मागा, पीएफची नावांची यादी मागा, ईएसआयची मागा, आणि मग ती यादी घेऊन खाली गेटवर जा आणि त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा की बाबा हे एवढे मिळाले का तुला. ठेकेदारासमोर विचारू नका, तो हो म्हणेल. ठेकेदार बदलताना त्याचं शेवटचं बिल आणि डिपॉझिट सगळ्यांचा हिशोब होईपर्यंत धरून ठेवा, एकदा सोडलं की तो सापडत नाही. ३० सप्टेंबरच्या आत तुमची एजीएम असतेच, त्यात हा एक विषय घ्या, मी यायला तयार आहे, काका पण येतील, फुकट. आणि रात्रीच्या माणसाला बाथरूमची चावी आणि बसायला खुर्ची द्या, हे लिहावं लागतंय ह्याचंच वाईट वाटतं.

मागच्या वर्षी कोथरूडच्या एका सोसायटीत हे झालं पण. तिथल्या खजिनदार एक रिटायर शाळेच्या बाई आहेत, त्यांनी फक्त ती यादी मागितली. सहा मावश्यांपैकी दोघींची नावंच नव्हती. बाईंनी बिल अडवलं, अकराव्या दिवशी दोघींची मागची सगळी भरपाई जमा झाली. आम्हाला एक अर्ज पण लिहावा लागला नाही. त्या दोघी पेढे घेऊन आल्या होत्या, ताईंनी त्यांना बसवून त्यांच्याच पेढ्यांबरोबर चहा दिला.

परभणीचे ते भाऊ दोन तारखांना आले. तिसरीला आले नाहीत. फोन केला तर गावाला होते, म्हणाले सोयाबीन काढायला लागलोय ताई, आता नाही जमत, ती वही तुमच्याकडेच राहू द्या. ती कपाटात वरच्या खणात आहे, प्लास्टिकसकट. तिच्यात २७,००० रुपये येणे आहे, बाणेरकडच्या ज्या सोसायटीचं आहे त्यांना वाचताना कळलंच असेल. त्या भाऊंचा नंबर आमच्याकडे आहे, तो चालू आहे. आम्ही सातनंतर असतो, गिरणीच्या बाजूने जिना आहे, लाइट नसतो म्हणून जरा जपून चढा.

तुमची,
वारज्याच्या केंद्रातली एक